मायर, व्हिव्हियन

(१ फेब्रुवारी १९२६ – २१ एप्रिल २००९). रस्त्यावरचे जीवन टिपणाऱ्या अमेरिकन छायाचित्रकार. जन्म न्यूयॉर्क येथे. बालपणाचा काही काळ आजोळी, फ्रान्समध्ये. शिकागो परिसरात त्यांनी अनेक वर्षे मुले सांभाळण्याची नोकरी केली आणि मुख्यतः रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याने लाखावर छायाचित्रे घेतली. ती जवळजवळ कोणाला दाखवली नाहीत. गोदामाचे भाडे थकल्याने २००७ मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकासाठी चित्रे शोधणाऱ्या जॉन मालूफ यांनी त्यातली निगेटिव्हची एक पेटी घेतली. पुस्तकाला ती उपयोगी पडली नाही. पण २००९ मध्ये निगेटिव्हबरोबरच्या एका पाकिटावरच्या नावाचा माग काढताना मायर यांची ताजी मृत्युवार्ताच हाती आली. पुढे पावत्या आणि त्यांनी सांभाळलेल्या, आता प्रौढ झालेल्या मुलांच्या आठवणी यांवरून चरित्र जुळत गेले. फाइंडिंग व्हिव्हियन मायर (२०१३) हा माहितीपट या शोधाचाच आहे. त्यातून रूढ झालेली ‘गूढ आया’ ही प्रतिमा मात्र त्यांच्या कामावर अन्याय करते. शेकडो रिळे त्यांनी धुतलीही नव्हती. म्हणजे आज प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रांची निवड बव्हंशी खरेदीदारांची. निगेटिव्हबरोबर प्रताधिकार विकत मिळत नाही. त्यामुळे तो कोणाचा, हा वाद २०१४ मध्ये न्यायालयात गेला.