धागा तुटला की माग थांबतो: टोयोटाच्या नावाची गोष्ट

जुन्या गाड्यांच्या बाजारात एकदा चक्कर मारा, मग ते बंगळुरू असो, इंदूर असो की कोल्हापूर. दुसरी कुठली गाडी दोन लाख किलोमीटर पळालेली असेल, तर एजंट तो आकडा हळूच गिळतो. इनोव्हा असेल तर तोच आकडा छाती पुढे काढून सांगतो, ‘दोनच लाख झालीय साहेब, अजून निम्मं आयुष्य बाकी आहे.’ एखाद्या नावाला एवढी पत नुसत्या जाहिरातीने मिळत नाही. ती कशी कमावली आणि कुठे उसवली, हे आज बघू. सुरुवात मात्र मोटारीपासून करून चालणार नाही, मागापासून करावी लागेल. कापड विणायचा माग.

साकिची टोयोदा यांचा जन्म 1867 सालचा. गाव आजच्या शिझुओका प्रांतातलं, वडील सुतार. त्या भागात घरोघरी बायका हातमागावर बसायच्या. साकिचींनी 1891 साली सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं, 1896 मध्ये यंत्रमाग केला, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागले. धागा तुटला तर माग आपला आपण थांबला पाहिजे.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मंडळींना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर पुढचं सगळं कापड वाया जातं. म्हणून मागापाशी माणूस डोळ्यांत तेल घालून उभा राहतो. साकिचींचं म्हणणं असं की ही राखण यंत्रानेच करावी. 1924 साली त्यांचा ‘टाइप जी’ माग तयार झाला. धोटा रिकामा झाला की चालत्या मागावरच नवा धोटा बसे, आणि धागा तुटला की माग थांबे. एक कामगार असे तीसेक माग सांभाळू शकत होता.

हा आकडा मुंबईशेजारी ठेवून बघा. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा एक विणकर साधारण दोन माग चालवायचा. मालकांना तो तीन माग चालवणारा हवा होता, आणि 1928 च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपामागे जी कारणं होती, त्यांत हेही एक होतं. जपानी कापड स्वस्त पडतं, ही मालकांची तेव्हाची कायमची तक्रार. त्या स्वस्ताईत रात्रपाळीत राबणाऱ्या जपानी मुलींचे हाल होते, आणि पुढे पुढे असले मागही आले. कामगाराच्या बाजूने बघितलं तर तीस माग म्हणजे कितीजणांची भाकरी, हा प्रश्न आहेच. साकिचींचं कौतुक करताना तो विसरू नये.

डिसेंबर 1929 मध्ये इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घ्यायचं ठरवलं. प्लॅट म्हणजे गिरणीयंत्रांच्या जगातलं मोठं घराणं, आपल्या गिरण्याही त्यांची यंत्रं वापरत. जिने जगाला माग विकले, तिने जपानी सुताराच्या मुलाकडून मागाचं पेटंट घ्यावं, ही साधी बाब नव्हती. दंतकथा अशी की त्याच पैशातून टोयोटा मोटार जन्मली. ऐकायला छान आहे, पण पैसा हप्त्यांनी आला, काही नोकरांत वाटला गेला, आणि प्लॅटने पुढे घासाघीस करून रक्कम कमीही करून घेतली. मोटारीचा खरा खर्च माग बनवणाऱ्या कंपनीच्या तिजोरीतून झाला.

तो खर्च करणारे साकिचींचे चिरंजीव किइचिरो. शिकलेले इंजिनियर. 1930 साली वडील गेले आणि 1933 मध्ये किइचिरोंनी माग कंपनीतच मोटार विभाग काढला. तेव्हा जपानच्या रस्त्यांवर राज्य होतं फोर्ड आणि जनरल मोटर्सचं. दोघांचेही जुळणी कारखाने जपानात होते. 1936 च्या कायद्याने सरकारने त्यांची नाकेबंदी केली आणि देशी कंपन्यांना वाट करून दिली. हेही लक्षात ठेवू या. टोयोटाची सुरुवात खुल्या मैदानात झालेली नाही.

आणि पहिला माल? चक्क वाईट. 1935 मध्ये बाजारात आलेला जी-1 ट्रक वारंवार बंद पडायचा. कंपनीची माणसं बिघडलेल्या ट्रककडे धावायची, दुरुस्त करायची, काय मोडलं ते टिपून कारखान्यात आणायची. ज्या नावाच्या गाडीला आज ‘काही होत नाही’ म्हणतात, तिचा पहिला लौकिक ‘अडकून पडणारी’ असा होता.

नावाचंही तसंच. कुटुंबाचं आडनाव टोयोदा. 1936 मध्ये कंपनीने बोधचिन्हासाठी लोकांकडून कल्पना मागवल्या, सुमारे 27 हजार आल्या, आणि त्यातून ‘टोयोटा’ हा उच्चार निवडला गेला. जपानी कातकाना लिपीत तो आठ फटकाऱ्यांत लिहिता येतो आणि आठ तिकडे शुभ मानतात. पुढच्या वर्षी, 28 ऑगस्ट 1937 रोजी, टोयोटा मोटार ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. ही तारीख ध्यानात ठेवा.

युद्धात कंपनीने लष्करासाठी ट्रक केले. युद्धानंतर देशच बुडाला होता, कंपनी कशी तरेल? 1949 च्या अखेरीस टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. बँकांनी कर्ज दिलं, पण माणसं कमी करा म्हणाल्या. कुणालाही काढणार नाही, हा किइचिरोंचा शब्द होता. संप पेटला, सुमारे दोन हजार कामगारांना जावं लागलं, आणि जून 1950 मध्ये किइचिरोंनी स्वतः राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियात युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी सैन्याने टोयोटाकडून ट्रक मागवले. कंपनी वाचली. किइचिरो मात्र 1952 साली, सत्तावन्नाव्या वर्षी गेले. शेजारच्या देशातल्या रक्तपाताने आपल्याला तारलं, ही गोष्ट कंपन्यांच्या गौरवग्रंथांत एका ओळीत उरकतात. मला वाटतं ती जरा थांबून वाचावी.

या सगळ्यातून धडा काढला तो ताइइची ओनो यांनी. हे गृहस्थ मुळात टोयोदांच्या सूतगिरणीतले, 1943 मध्ये मोटारीकडे आलेले. त्यांनी मागाची युक्ती मोटार कारखान्यात आणली. साखळीने पुढे सरकणाऱ्या गाडीवर काम करताना चूक दिसली, तर कुठल्याही कामगाराने दोरी ओढायची. वर दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि प्रश्न सुटला नाही तर सगळी रांग थांबते. जपानीत याला ‘जिदोका’ म्हणतात. नेहमीचा ‘स्वयंचलित’ हाच शब्द, फक्त एका अक्षराला माणसाची खूण जोडून लिहिलेला. दुसरी युक्ती, लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच बनवायचं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये फळीवरून माल उचलला तेवढाच पुन्हा भरतात, त्यावरून ओनोंना ही सुचली. सोबत मालाची चिठ्ठी फिरते, ती ‘कानबान’.

आता हे ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडच्या कुठल्याही कारखान्यात किंवा ऑफिसात कल्पना करा, काल लागलेला पोरगा बटण दाबून सगळ्यांचं काम बंद पाडतोय आणि साहेब ओरडण्याऐवजी ‘काय झालं, दाखव’ म्हणतोय. कठीण भाग दोरी लावण्याचा नव्हता. ती ओढणाऱ्याला शिक्षा न करण्याचा होता.

सगळं गोड नव्हतं. सातोशी कामाता नावाच्या पत्रकाराने 1972 मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केलं आणि रांगेचा वाढता वेग माणसाला कसा पिळतो त्यावर पुस्तक लिहिलं. मालाचा साठा ठेवायचा नाही म्हटलं की तो भार सुटे भाग देणाऱ्या लहान कारखानदारांवर पडतो, हेही खरं.

गाड्या सुधारल्या त्या ठेचा खात. 1957-58 मध्ये क्राउन अमेरिकेत गेली आणि तिथल्या महामार्गांवर धापा टाकू लागली. वेग वाढवला की थरथरायची, तापायची. 1958 मध्ये 287 क्राउन आणि एकच लँड क्रूझर विकली गेली. कंपनीने गाडी मागे घेतली, काम केलं, आणि 1965 मध्ये कोरोना घेऊन परत गेली. 1966 मध्ये कोरोला आली, 1973 च्या तेलसंकटात कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचे दिवस आले, आणि पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. 1989 मध्ये लेक्सस ही महागडी गाडी आणली आणि काही महिन्यांतच दोष निघाला. सुमारे आठ हजार गाड्या ग्राहकांच्या दारातून नेऊन, दुरुस्त करून परत दिल्या. बदनामीची बातमी कौतुकाची झाली.

भारतात टोयोटा आली ती आधी 1980 च्या दशकात डीसीएमबरोबर हलके ट्रक घेऊन, पण तिथे मूळ धरलं नाही. मग किर्लोस्कर. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोचलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं घराणं. गंमत बघा, 1995 मधली पहिली भागीदारी सूतगिरणीच्या यंत्रांची होती, मोटारीची दोन वर्षांनी, कर्नाटकात बिडदीला. 2000 साली क्वालिस आली. दिसायला खोका, इंडोनेशियातल्या जुन्या गाडीवर बेतलेली. जाणकारांनी नाकं मुरडली. टॅक्सीवाल्यांनी आणि कॉल सेंटरच्या कंत्राटदारांनी मात्र ती उचलली, कारण गाडी उभी राहिली की त्यांचा दिवस बुडतो. टोयोटाचं भारतातलं नाव त्यांनी केलं. 2005 मध्ये इनोव्हा आली ती या पायावर.

आता उसवलेल्या भागाकडे. 28 ऑगस्ट 2009. हो, तीच तारीख. अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एका लेक्ससचा वेग आवरेना आणि चार जण मेले. चुकीची बसवलेली पायाखालची चटई अॅक्सिलरेटरच्या पॅडलमध्ये अडकली होती. मग काही गाड्यांची पॅडलं चिकटतात हेही पुढे आलं. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि किइचिरोंचे नातू आकिओ टोयोदा यांनी फेब्रुवारी 2010 मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर माफी मागितली. कंपनी फार वेगाने वाढली, असं त्यांनीच सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष असल्याचा पुरावा नासाच्या तपासात सापडला नाही. पण 2014 मध्ये कंपनीने 1.2 अब्ज डॉलर भरले, ते ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल. लेक्ससच्या वेळी स्वतः दार ठोठावणारी हीच कंपनी, वीस वर्षांनी जगात पहिल्या नंबरवर असताना दडवू लागली होती.

डिसेंबर 2023 मध्ये टोयोटाच्याच दाइहात्सु कंपनीत सुरक्षा चाचण्यांतले 174 गैरप्रकार उघड झाले. वेळापत्रक इतकं आवळलेलं की ‘जमणार नाही’ म्हणायची सोय नव्हती, असं चौकशी समितीचं निदान. पुढच्याच महिन्यात डिझेल इंजिनांच्या शक्ती-चाचणीत फेरफार झाल्याचं समोर आलं. इंजिनं बनवणारी कंपनी टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे साकिचींची ती मूळ माग कंपनी, नाव बदललेली.

ती इंजिनं आपल्याकडच्या इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्समध्ये होती. जानेवारी 2024 च्या अखेरीस या गाड्या डीलरांकडे पाठवणं थांबलं आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी जुलैत छत्रपती संभाजीनगरला नव्या कारखान्याचा करार झाला, सुमारे 20 हजार कोटींचा. मराठवाड्यातल्या आयटीआयमधून निघालेली पोरं तिथे रांगेवर उभी राहतील. बिडदीत संप आणि टाळेबंदी दोन्ही झालेले आहेत, त्यामुळे दोरी ओढल्यावर साहेब काय म्हणतो, हे त्यांनाच आधी कळेल.

जाता जाता, साकिचींच्या गावापासून जवळच असलेल्या हामामात्सुत 1909 साली आणखी एकाने मागाचा कारखाना काढला होता. त्याचं नाव मिचिओ सुझुकी. मारुतीवाली सुझुकी, तीच. पुढच्या भागात तिची गोष्ट.