घोडपदेवची खोली

आमच्या पाटण तालुक्याचा नकाशा हाताच्या पंजासारखा. कोयना, केरा, मोरणा, तारळी, वांग या नद्यांची पाच खोरी आणि मधे डोंगर. वर कोयनानगरला पाऊस नुसता कोसळतो, खाली मल्हारपेठेकडं निम्म्याहून कमी. सपाटी थोडी, बाकी ताली घालून केलेली वावरं. त्यात भात, नाचणी, वरी. वाटण्या होत होत आबांच्या वाट्याला सव्वा एकर आलं. खाणारी तोंडं सात. मग माणूस मुंबईला जाणार नाही तर काय करणार?

आमच्या गावकीची खोली घोडपदेवला होती. १९७६ साली दहावी झालो आणि आबांच्या मागं ट्रंक घेऊन गेलो. खोली एक, माणसं बावीस. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या म्हणूनच मावायचो. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. जेवण खानावळीत. आबा साचेखात्यात होते. बाकीचे कॉटनग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलायचे. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्याला फंड, रजा, बोनस म्हणजे काय ते कळलं.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. एकाच एस.टी.नं आलेली बौद्धवाड्यातली माणसं आमच्या खोलीत नव्हती. त्यांची खोली वेगळी. गावची शीव आम्ही मुंबईपर्यंत नेली होती.

कोयना धरणात कित्येक गावं बुडाली. त्या पाण्याची वीज मुंबईला गेली आणि आमच्या वाडीत मात्र बरीच वर्षं रॉकेलची चिमणीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. घराची भिंत पडली. आबा मुंबईत. आम्हाला बाहेर ओढलं ते आईनं, आणि पुढं भिंतही तिनंच चिखलात उभी केली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट बघून आबा ट्रंक घेऊन परत आले, मीही आलो. मनिऑर्डर बंद झाली, तरी चूल बंद पडली नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की मुंबईच्या पगारावर घर चालतं असं आम्ही म्हणत होतो, पण गिरणीला एवढ्या कमी पगारात माणूस परवडत होता तो गावात बायका भात लावत होत्या म्हणून.

आता चाळ पाडून टॉवर व्हायचाय. खोलीचे पैसे कसे वाटायचे म्हणून गावकीची बैठक झाली. वर्गणीची जुनी वही काढली. सगळी नावं बाप्यांची. मी म्हणालो, "दरसाल एस.टी.च्या टपावरनं तांदळाचं पोतं या खोलीवर यायचं. ते कुणी पिकवलं, त्याचा हिशोब कुठल्या वहीत आहे?"

कुणी बोललं नाही. बैठक पुढच्या महिन्यावर गेली. माझी आई सातबाऱ्यावर नव्हती, त्या वहीतही नाही. म्हणून निदान इथं लिहून ठेवतोय.