मराठवाड्यातील नभोवाणी आणि चारठाणा परिसर

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव तेथील यादवकालीन मंदिरांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु अशा गावाच्या अर्वाचीन इतिहासाचे एक साधन सहसा दुर्लक्षित राहते. ते म्हणजे नभोवाणी होय.

हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. हैदराबाद येथील मूळचे खाजगी ध्वनिक्षेपण केंद्र संस्थानच्या सरकारने १९३५ साली आपल्या ताब्यात घेतले. पुढे औरंगाबाद येथेही केंद्र निघाले. संस्थानची राजभाषा उर्दू, तर मराठवाड्यातील बहुसंख्य रयतेची भाषा मराठी. त्यामुळे नभोवाणी ही प्रामुख्याने राज्यकर्त्यांची वाणी राहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली. १७ सप्टेंबरला प्रथम पंतप्रधान मीर लायक अली यांनी राजीनाम्याची आणि त्यानंतर खुद्द निजामाने शस्त्रसंधीची घोषणा केली, तीही याच माध्यमातून. ज्या यंत्राने सत्ता मिरविली, त्याच यंत्राने तिचा शेवटही जाहीर केला.

१ एप्रिल १९५० रोजी ही केंद्रे भारत सरकारच्या आकाशवाणीकडे आली. तथापि औरंगाबादचे केंद्र फार काळ टिकले नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याच्या केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि केंद्रास प्रश्न कळवावेत, असे त्याचे स्वरूप होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. म्हणजे ‘ऐकणाराने बोलावे’ हा प्रयोग झाला, तेव्हा हा प्रदेश त्या राज्याच्या बाहेरच होता.

मध्यम लहरींचा गुणधर्मही येथे लक्षात घ्यावयास हवा. दिवसा या लहरी मुख्यतः जमिनीलगत पसरतात व अंतराबरोबर क्षीण होतात. रात्री वातावरणातील आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात, परंतु आवाज कमीअधिक होत राहतो. शेतकऱ्यास भरवशाचे ऐकावयाचे, तर केंद्र जवळच असावे लागते. १९६८ साली परभणी येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, त्याचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. पुढे १९७२ साली, दुष्काळाच्याच वर्षी, त्याच शहरात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शेतीचे संशोधन आणि ते खेड्यात नेणारा आवाज यांचे ठिकाण एकच झाले.

ध्वनिक्षेपण होते आणि विरून जाते. मंदिराची शिळा शतकानुशतके उभी राहते. बाजारभाव वा हवामानाची वार्ता त्याच संध्याकाळी संपते. म्हणून केवळ दप्तरांवर विसंबणाऱ्या इतिहासात या श्रोत्यांना स्थान मिळत नाही. चारठाण्यासारख्या गावांतील वृद्धांच्या आठवणी, त्या उपलब्ध आहेत तोवरच, पद्धतशीरपणे नोंदविणे हे मराठवाड्याच्या इतिहाससंशोधनाचे निकडीचे कार्य होय.