पाणी न मागणारी वीज

पोखर्णी हे परभणी–परळी लोहमार्गावरचे एक स्थानक. नृसिंहाच्या देवस्थानामुळे रेल्वेनेही त्याचे नाव 'पोखर्णी नृसिंह' असेच ठेवले आहे. या मार्गाच्या शेवटी परळी वैजनाथ. तिथल्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. या भागातल्या घरांवर आज दिसू लागलेल्या सोलर पॅनेलचा विचार परळीपासूनच सुरू करावा, असे मला वाटते. कारण इथे विजेची किंमत पाण्यात मोजावी लागली आहे.

कोळसा जाळून वाफ करायची आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचे, म्हणजे पाणी आलेच. परळीला ते परभणी जिल्ह्यातल्या, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून मिळे. २०१२-१३च्या दुष्काळात ते संपले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये अख्खे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तेच. हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेची यंत्रे गप्प, आणि गावोगाव टँकरपुढे हंड्यांच्या रांगा. ऊन मात्र त्या दोन्ही वर्षी भरपूर होते!

उन्हापासून वीज करायची युक्ती तोवर जुनी झाली होती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट २५ एप्रिल १९५४ रोजी जगाला दाखवला, तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पडलेल्या उन्हातले जेमतेम सहा टक्के तो विजेत बदलत असे. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ मध्ये सौरघट बनवला. त्या सुमारास जागतिक बाजारात एका वॅटला सुमारे ७६ डॉलर पडत. म्हणजे शंभर वॅटच्या पॅनेलला साडेसात हजार डॉलर. उपग्रहाला हे परवडे, घराला नाही.

आज तोच वॅट अर्ध्या डॉलरच्याही आत मिळतो. याचे श्रेय शोधायला दूर जावे लागते. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर विजेला ठरावीक चढा दर दिला आणि त्याचा भार तिथल्या ग्राहकांच्या बिलावर टाकला. मागणी वाढली, चीनमध्ये कारखाने उभे राहिले, भाव कोसळले. आपल्याकडच्या स्वस्त पॅनेलमध्ये जर्मन बिलांचा वाटा आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

आपल्याकडे दोन निर्णय महत्त्वाचे ठरले. राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले. दिवसाची जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करता येऊ लागली, त्यामुळे महागड्या बॅटरीची गरज उरली नाही. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान. सरकारने अनुदानासाठी धरलेली किंमत एक लाख ४५ हजार, म्हणजे त्या हिशेबाने घरमालकाचे ६७ हजार. एवढ्यात मराठवाड्याच्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते, आणि पाणी लागते ते पॅनेलवरची धूळ धुण्यापुरते.

तरीही एक गोष्ट विक्रेते फार मोठ्याने सांगत नाहीत. बॅटरी नसलेला संच गावची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारेत वीज उतरून खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. भारनियमनाची वर्षे काढलेल्या माणसाला भर दुपारी, डोक्यावर पॅनेल असताना पंखा थांबला, हे पटवून देणे अवघड जाते.

आणि मग छप्पर. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची, मजबूत जागा हवी. लाकडाच्या सऱ्यांवर माती टाकून केलेले माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण त्यावर लोखंडी सांगाडा पक्का बसवता येत नाही. स्लॅब असेल तर प्रश्न नाही. पण मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर आधी ते नाव बदलण्याचे हेलपाटे. राज्य शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी एक किलोवॅटला जादा अनुदान जाहीर केले. योग्यच केले. या भागातली एवढ्या कमी वापराची जी घरे मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांवर पत्रे आहेत, आणि वळवाच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्या पत्र्यांवर दगड ठेवलेले आहेत.