तानसेकाठचे ऊन पाणी : वज्रेश्वरीच्या कुंडांचा इतिहास

१/ ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातील तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. देवीने वधलेल्या दैत्यांच्या रक्ताने हे पाणी तापले, अशी लोककथा आहे. इतिहास मात्र झऱ्यांचा वेगळा आणि देवळाचा वेगळा आहे.

२/ आधी एक गैरसमज. या झऱ्यांखाली जागा ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावला. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि भेगांवाटेच वर येते.

३/ असे झरे कोकणात उत्तर-दक्षिण पट्ट्यात आढळतात. त्यांची सर्वांत जुनी नोंद कदाचित गावांच्या नावांतच आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीतील उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे : ‘ऊन’ म्हणजे गरम. ही नावे कोणा राजाने दिलेली नाहीत. ती तेथे स्नान करणाऱ्यांच्या बोलीतून आली.

४/ वज्रेश्वरीचे जुने नाव वडवली. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. देवीचे मूळ स्थान जवळच्या गुंज येथे होते व पोर्तुगीज काळात ते उद्ध्वस्त झाल्याने देवी वडवलीस आली, असे परंपरा सांगते.

५/ १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली. वसईचा किल्ला मात्र झुंजत राहिला. विजय मिळाल्यास देवीचे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केल्याचे सांगतात. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि देऊळ उभे राहिले. दगडी पायऱ्या, तटबंदी व नगारखाना यांमुळे ते आजही किल्ल्यासारखे भासते.

६/ विसाव्या शतकात स्वामी नित्यानंद गणेशपुरीच्या कुंडांजवळ राहू लागले. तेव्हा हा परिसर रानाचा होता. १९६१ मध्ये त्यांनी देह ठेवला, तोवर हे आडगाव दूरदूरच्या भक्तांचे तीर्थ झाले होते.

७/ नवसाची स्मृती देवळाने जपली, स्वामींची समाधीने. पण त्याआधी शतकानुशतके दुखरे सांधे शेकायला येथे उतरलेल्या माणसांची बखर कोणी लिहिली नाही. देवळामुळे झरे पवित्र ठरले, हा समज म्हणूनच उलटा वाटतो. पाणी आधीचे, माणसांची श्रद्धा त्याभोवती जमत गेली. तेथे गेलात तर देऊळ पाहाच. पण कुंडाच्या काठीही थोडे थांबा.