पेडेस्टलचा खांब आणि राजपुत्राचा ताप

नवा फ्लॅट घेतला की बाथरूमसाठी दोन पर्याय समोर येतात. एक, खाली कपाट असलेलं वॉशबेसिन. दुसरं, आपलं जुनंच खांबावरचं, म्हणजे पेडेस्टल. कपाटवालं जरा भारी दिसतं, सामानही मावतं, त्यामुळे पब्लिक तिकडेच वळतं. पण मंडळी, हा वाद नवा नाही. इंग्लंडमध्ये तो एकोणिसाव्या शतकातच रंगला होता, आणि तेव्हा प्रश्न दिसण्याचा नव्हता, जिवाचा होता.

त्याआधी बेसिन म्हणजे फर्निचर. आपल्याकडे हात धुवायला तस्त आणि तांब्या असायचा ना, तसंच तिकडे बेडरूममध्ये लाकडी स्टँडवर चिनी मातीचं भांडं आणि पाण्याचा जग. पुढे घरात नळ आला, तेव्हा तेच भांडं लाकडी कपाटात बसवलं आणि पाइप आत लपवले. (आपल्या भाषेत एनकॅप्सुलेशन!) पण गळकं पाणीही आतच राहिलं. बाहेरून पॉलिश चकाचक, आतून ओल आणि कुजकं लाकूड.

मग आलं 1871. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, स्कारबरोच्या एका बड्या घरी पाहुणा म्हणून राहून आला आणि टायफॉइडने मरता मरता वाचला. तिथेच उतरलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्ड मात्र गेला. संशय गेला घराच्या गटारांवर. गटारातला वायू पाइपातून वर येतो आणि माणसं मारतो, ही भीती श्रीमंतांच्या घरोघरी पसरली. राजपुत्राची ही गत, तिथे आपलं काय?

आरोग्य सुधारकांचा सल्ला सरळ होता: ते लाकूड काढा, सगळं उघडं ठेवा. 1880 च्या दशकात थॉमस ट्वायफर्डने हॅन्लीमध्ये स्वतःच्या पायावर उभा राहणारा, अखंड चिनी मातीचा कमोड बनवला. बेसिनही त्याच वाटेने गेलं. पांढरं, गुळगुळीत, चारी बाजूंनी पुसता येणारं.

गंमत म्हणजे थिअरी चुकीची होती! टायफॉइडचा जंतू 1880 मध्ये सापडला. तो पसरतो दूषित पाण्यातून आणि अन्नातून, वायूतून नाही. पण उपाय बरोबर निघाला, कारण जे दिसतं तेच साफ होतं.

वास अडवण्याचं काम खांब करतच नाही. ते करतं ट्रॅपच्या वळणात साठलेलं थोडंसं पाणी. या वळणाचं पेटंट 1775 चं, अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीचं, तेही कमोडसाठी घेतलेलं.

तेव्हा पेडेस्टल घेणार असाल तर दोन गोष्टी. बेसिनचा भार भिंतीतल्या बोल्टवर हवा. खांब मुख्यतः पाइप झाकायला असतो. पोकळ किंवा भुसभुशीत भिंत असेल तर आधी तिचं बघा. आणि खांबाच्या कडा व्हाइट सिमेंटने कायमच्या बुजवू देऊ नका, नाहीतर ट्रॅप साफ करायला हातच जाणार नाही. म्हणजे पुन्हा तेच लाकडी कपाट, फक्त चिनी मातीचं!

आणि हो, घर महिना-दोन महिने बंद असेल तर ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, मग वास येतो. परत आल्यावर प्लंबरला फोन करण्याआधी मिनिटभर नळ सोडून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. असो.