स्थिरचित्र : पंगतीतले शेवटचे पान

महाराष्ट्रातील शाळांतून चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसलेल्या कोणालाही वस्तुचित्र व स्थिरचित्र हे शब्द नवे नाहीत. टेबलावर पसरलेले एक कापड, त्यावर तांब्या किंवा बरणी, बाजूला एखादे फळ नाहीतर दोन वांगी. एका बाजूने प्रकाश, दुसऱ्या बाजूला सावली. ठरलेल्या वेळेत ही मांडणी कागदावर उतरवायची, श्रेणी मिळवायची आणि पुढे तो प्रकार कायमचा विसरून जायचा, असाच बहुतेकांचा परिपाठ असतो. चित्रप्रदर्शनात शिरताच मात्र आपण हमखास विचारतो, ‘या चित्राचा विषय काय?’ त्याला ‘तांब्या’ एवढेच उत्तर मिळाले तर आपले समाधान होत नाही. तांब्याला चित्राचा विषय होण्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद चित्रकारांमध्ये सुमारे चारशे वर्षे चालत आला आहे. सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या दोन चित्रकारांची कामगिरी या वादाच्या प्रकाशात पाहिली, तर तिचा अर्थ अधिक उलगडतो.

वादाचे मूळ युरोपात आहे. फ्रान्सच्या राजाश्रित कला अकादमीतील व्याख्याने १६६९ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या प्रस्तावनेत आंद्रे फेलिबियाँ यांनी चित्रविषयांची उतरंडच लावून दिली. धर्मकथा, इतिहास आणि पुराण रंगविणारा चित्रकार अग्रस्थानी. त्याच्या खाली व्यक्तिचित्रकार, त्यानंतर प्राणी व निसर्गदृश्ये रंगविणारे, आणि फळे, फुले, शिंपले रंगविणारा अगदी तळाशी. माणूस ही परमेश्वराची सर्वश्रेष्ठ निर्मिती, म्हणून माणसाचे चित्र श्रेष्ठ, असा हा युक्तिवाद होता. चित्रविषयांच्या पंगतीत स्थिरचित्राला शेवटचे पान मिळाले ते असे.

गंमत अशी की, या पंगतीच्या आधीच एका धर्माधिकाऱ्याने स्थिरचित्राला मानाचा पाट दिला होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस काराव्हाज्जो याने फळांची एक करंडी रंगविली. त्या करंडीत किडके सफरचंद आहे, सुकून वळलेली पाने आहेत. माणूस एकही नाही. हे चित्र मिलानचे आर्चबिशप कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांच्या संग्रहात आले आणि १६१८ साली त्यांनी ते इतर चित्रांसह मिलानच्या आंब्रोझियाना या संस्थेला दिले. आजही ते तेथेच आहे. त्याच्या शेजारी त्याच्या तोडीचे दुसरे चित्र लावावे अशी कार्डिनलमहाशयांची इच्छा होती. तसे चित्र न मिळाल्याने त्यांनी ते एकटेच राहू दिले. स्वतः काराव्हाज्जोचे मत त्याचे आश्रयदाते व्हिन्सेंझो जुस्तिनियानी यांच्या एका पत्रातून कळते. चांगले पुष्पचित्र रंगविण्यास माणसांच्या चित्राइतकेच कौशल्य लागते, असे तो म्हणत असे. त्याच काळात स्पेनमध्ये सांचेझ कोतान हा कोबी, काकडी आणि खरबूज अशा भाज्या-फळांची विलक्षण शांत चित्रे काढीत होता. पुढे १६०३ मध्ये तो कार्थुसियन मठात बंधू म्हणून दाखल झाला. साध्या वस्तूकडे एकाग्रतेने पाहणे आणि ध्यान या दोन गोष्टींत अंतर फार नसावे, असे त्याची चित्रे पाहताना वाटते.

आपल्याकडे स्थिरचित्र आले ते मात्र ध्यानाच्या वाटेने नव्हे, तर अभ्यासक्रमाच्या वाटेने. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तेथे इंग्लंडमधील साऊथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर शिक्षण दिले जाऊ लागले. कारागिरांचा हात व डोळा तयार व्हावा, त्यांना प्रमाण, छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन कळावे, यासाठी वस्तू समोर ठेवून चित्र काढण्याचा सराव करून घेतला जाई. तेथे स्थिरचित्र म्हणजे व्यायाम होता. व्यायामशाळेतील जोर-बैठकांना कोणी कुस्ती म्हणत नाही. त्याचप्रमाणे तांब्याच्या चित्राला कोणी कलाकृती म्हणत नसे.

बक्षिसांची रीतही तशीच होती. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून मान मिळे तो मनुष्याकृतींना, पुराणप्रसंगांना आणि व्यक्तिचित्रांना. राजा रविवर्मा यांच्या छापील देवदेवता घरोघरी भिंतींवर विराजमान झाल्या होत्या. म. वि. धुरंधर यांना १८९५ साली सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, ते लक्ष्मीचे नाव शीर्षकात असलेल्या चित्राला. गोमंतकातून आलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद हे कलाशाळेत अध्यापक झाले आणि व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांनी मोठी कीर्ती मिळविली. या सर्वांच्या चित्रांत वस्तू भरपूर आहेत. समया आहेत, भांडी आहेत, जरीचे पदर आहेत. परंतु त्या सर्व माणसाच्या सेवेला उभ्या आहेत. सा. ल. हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील सुप्रसिद्ध जलरंगचित्र आठवावे. त्यात स्त्रीच्या हाती दिवा आहे खरा, पण तो आहे तिचा चेहरा उजळण्यासाठी.

ही रीत बदलल्याची खूण एका चित्रकाराच्या दोन पारितोषिकांत स्पष्ट दिसते. कृष्णाजी हौळाजी आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळील बोलारम येथे झाला. लहानपणीच ते मुंबईस आले. घरकाम केले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला आणि मिळेल त्या वेळात चित्रे काढली. कलासमीक्षक रूडी फॉन लेडन यांनी त्यांना हात दिला. १९४२ साली मुंबईतील ‘चेतना’ उपाहारगृहात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. १९४४ मध्ये त्यांना गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले. चित्राचा विषय होता मराठ्यांची लढाई. म्हणजे पंगतीतले पहिले पान. त्यानंतर आठ वर्षांनी, १९५२ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. या वेळी चित्राचा विषय होता दोन सुरया! लढाईपासून सुरयांपर्यंतचा हा प्रवास केवळ आरांचा नव्हे, तर मुंबईच्या कलाजगताचाही आहे. पुढे आयुष्यभर आरा फुलदाण्या, फळे आणि भांडी रंगवीत राहिले. जलरंगच ते इतके दाट लावीत की, पाहणाऱ्यास तैलरंगाचा भास व्हावा. त्यांच्या चित्रात वस्तू कोणाच्या सेवेला उभी नसते. ती आपल्या वजनानिशी जागा व्यापून बसलेली असते.

या दोन पारितोषिकांच्या मध्ये १९४७ साल येते. त्या वर्षी सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. विषय काय असावा हे अकादमीने किंवा राष्ट्रीय भावनेने ठरवू नये, चित्राचे बळ रूप, रंग आणि रचना यांत शोधावे, अशी त्यांची भूमिका होती. यांपैकी गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा हे कॅथलिक घरात वाढले. चर्चशी त्यांचे नाते प्रेमाचे कमी आणि भांडणाचे अधिक होते. तरी लंडनमध्ये राहून त्यांनी काढलेल्या स्थिरचित्रांत वेदीवरील चषक आणि मिस्सेची पात्रे पुन्हा पुन्हा येतात. बालपणी पाहिलेल्या या वस्तू त्यांनी जाड काळ्या रेषेने, काहीशा उग्रपणे रंगविल्या. श्रद्धेशी वाद घालणाऱ्यालाही चषकाकडे पाठ फिरवता आली नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वस्तूत साठलेली स्मृती माणसाच्या मतांपेक्षा चिवट असते.

याच ग्रुपमधील मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे झाला. ते जेमतेम दीड वर्षाचे असतानाच त्यांची आई निवर्तली आणि पुढे कुटुंब इंदूरला गेले. त्यामुळे पंढरपूरची दृश्ये त्यांच्या चित्रांत शोधणे व्यर्थ होय. त्यांना आठवत होता तो आजोबांचा कंदील आणि त्यांची छत्री. सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून आणि मुलांचे लाकडी फर्निचर सजवून ज्यांनी मुंबईत पोट भरले, त्या हुसेन यांच्या चित्रांत या वस्तू अखेरपर्यंत राहिल्या. १९५६ च्या ‘बिटविन द स्पायडर अँड द लॅम्प’ या चित्रात पाच स्त्रिया आहेत, एक कोळी आहे आणि एक दिवा आहे. हळदणकरांचा दिवा चेहरा उजळीत होता. हुसेन यांचा दिवा कोणाचाच चेहरा उजळीत नाही. तो स्वतःच चित्रातील एक पात्र झाला आहे. फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात चित्रित केलेल्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या लघुपटातही छत्री, कंदील आणि जोडा याच वस्तू कथेवाचून एकमेकींशी नाते जुळवतात. या लघुपटास १९६७ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

परंतु हुसेन यांनी वस्तूला दिलेला सर्वांत मोठा मान दुसराच आहे. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. मदर तेरेसा यांच्यावरील त्यांच्या चित्रमालिकेत मदरला चेहरा नाही. निळ्या काठांची पांढरी साडी, तिच्या घड्या, पदराआडचा अंधार आणि मांडीवरचे मूल, इतकेच आहे. तरीही पाहणारा क्षणभरही चुकत नाही. परीक्षेच्या टेबलावर मागे टांगलेले घडीचे कापड येथे पुढे आले आहे आणि त्याने एका व्यक्तीचे संपूर्ण अस्तित्व पेलले आहे. साडीच्या या सामर्थ्याचा अनुभव हुसेन यांच्याही आधी गोव्याच्या सांत इस्तेवचे आंजेलो द फोन्सेका यांनी घेतला होता. शांतिनिकेतनात शिकून आलेल्या फोन्सेका यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली, तेव्हा गोव्यातील अनेकांना ते रुचले नाही. त्यांनी पुण्याला येऊन तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आश्रयाने आपले काम चालू ठेवले. विषय तोच, बायबलातला; खटकले ते वस्त्र. वस्तू जर खरोखरच दुय्यम असती, तर एवढे वादळ उठले नसते.

वस्तूविषयी मराठीतून सर्वांत सूक्ष्म विचार केला तो प्रभाकर बरवे यांनी. १९६० च्या दशकात काही वर्षे ते वाराणसीच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकरांसाठी आकृतिबंध करण्याच्या कामावर होते. घड्याळ, पान, शिंपला, किल्ली अशा सामान्य वस्तू त्यांनी सपाट एनॅमल रंगात रिकाम्या अवकाशात ठेवल्या. तेथे टेबल नाही, मागचे कापडही नाही. वस्तू सवयीच्या जागेवरून हलविली की ती प्रथमच दिसू लागते, हे त्यांच्या चित्रांचे सूत्र म्हणता येईल. आपल्या निर्मितीप्रक्रियेचे चिंतन त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. चित्रकाराने मराठीत लिहिलेले असे पुस्तक विरळाच.

बरवे यांचे १९९५ साली निधन झाले. त्यानंतरच्या काळात कलेचा प्रवाह आणखी एका वळणावर आला. वस्तूचे चित्र काढण्याऐवजी प्रत्यक्ष वस्तूच कलादालनात मांडण्याची रीत, जिचा आरंभ युरोप-अमेरिकेत मार्सेल द्यूशाँ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच केला होता, ती आपल्याकडेही रुळली. सुबोध गुप्ता यांनी २००८ साली स्टीलच्या असंख्य भांड्यांतून अणुस्फोटाच्या ढगाचा आकार उभा केला. स्वयंपाकघरातील डबे-वाट्या अशा रीतीने पंगतीच्या अग्रभागी आल्या. मात्र येथे एक प्रश्न उरतो. वस्तूच आणून ठेवली, तर तिच्याकडे तासन् तास पाहण्याचे चित्रकाराचे काम कोणी करावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून सोलापूर जिल्ह्यातीलच दुसऱ्या चित्रकाराकडे पाहता येईल. शशिकांत धोत्रे यांचा जन्म १९८२ साली शिरापूर या गावी झाला. कलाशाळेत प्रवेश मिळूनही त्यांना तेथे शिक्षण पुरे करता आले नाही. काळा कागद आणि रंगीत पेन्सिली एवढ्याच साधनांवर ते काम करतात. म्हणजे शाळकरी मुलाच्या दप्तरातील साधन. त्यांचा विषय गावाकडची माणसे, विशेषतः स्त्रिया. पण त्यांच्या चित्रांपुढे लोक खिळून उभे राहतात ते साडीच्या चुण्या, कापडाचा पोत आणि काठांवरचा प्रकाश पाहत. वास्तवदर्शी शैली मागासलेली आहे, फोटो असताना हा खटाटोप कशाला, अशी टीका अशा कामावर होते. तिच्यात तथ्य नाही असे नव्हे. केवळ हुबेहूबपणा म्हणजे कला नव्हे. तथापि पेन्सिलीच्या टोकाने पदराची एकेक चुणी भरताना चित्रकार त्या पदराला जो वेळ देतो, तो कॅमेरा देत नाही. हुसेन यांनी चार रेषांत साडी उभी केली, धोत्रे ती धाग्याधाग्याने विणतात. एकाच जिल्ह्यातून निघालेल्या या दोन वाटा परस्परविरुद्ध वाटल्या, तरी वस्त्राला दुय्यम न मानण्यात त्या एकत्र येतात.

सोलापूर तर विणकरांचे शहर. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि सोलापुरी चादरीने शहराचे नाव सर्वदूर नेले. येथील असंख्य स्त्रियांनी विड्या वळून संसार चालविले. या घरांतील मुले आजही ग्रेड परीक्षांना बसतात. चांगल्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून बसणाऱ्यांची संख्याही मोठी असते. त्यांच्यापुढे बहुधा तीच फुलदाणी आणि तीच प्लास्टिकची फळे ठेवली जातात. त्याऐवजी एखाद्या वर्गात यंत्रमागावरचा धोटा, सुताची कांडी आणि घडी मोडलेली चादर मांडावी. किंवा आईचे सूप, त्यातली तेंदूची पाने, कात्री आणि दोऱ्याचे रीळ. छायाप्रकाशाचे नियम त्यातूनही तेवढेच शिकता येतील. शिवाय आपल्या घरातली, आईच्या हाताने झिजलेली कात्री चित्राचा विषय होऊ शकते, हे त्या मुलाला कळेल. कार्डिनल बोर्रोमेओ यांनी किडक्या सफरचंदाची करंडी आपल्या संग्रहात ठेवून घेतली, तेव्हा त्यांना याहून निराळे काही उमगले असेल असे वाटत नाही.